प्रतिकृतीची प्रतिकृती : प्राचीन रोमचे संगणकीय दर्शन

सम्राट ऑगस्टसच्या जन्माची दोन सहस्र वर्षे साजरी करण्यासाठी मुसोलिनीच्या राजवटीने १९३७ साली रोममध्ये एक भव्य प्रदर्शन भरविले. त्या प्रदर्शनासाठी इतालो जिस्मोंदी या वास्तुविशारदाने प्राचीन नगराची प्लास्टरची एक विशाल प्रतिकृती सिद्ध केली. तिचे प्रमाण १:२५० असून तीत सम्राट कॉन्स्टंटाइनच्या काळातील रोम दाखविलेले आहे. रोदोल्फो लान्चानी या पुरातत्त्वज्ञाचा सुप्रसिद्ध नकाशा हा तिचा मुख्य आधार होय. प्रदर्शन संपल्यावरही जिस्मोंदी अनेक वर्षे तीत भर घालीत राहिला. या प्रतिकृतीचे ऐतिहासिक मूल्य वादातीत आहे. परंतु साम्राज्याचे पुनरुज्जीवन करू पाहणाऱ्या राजवटीला रोम जसे दिसावयास हवे होते, तसेच ते तीत दिसते, हेही नाकारता येत नाही. गल्लीतील चिखल, पडकी भिंत, अर्धवट राहिलेले बांधकाम यांना तीत स्थान नाही.

बर्नार्ड फ्रिशर यांच्या नेतृत्वाखाली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील शाखेत आरंभ झालेला 'रोम रीबॉर्न' हा प्रकल्प सर्वसामान्य प्रेक्षकाला प्राचीन नगरात मुक्तपणे हिंडता यावे, या हेतूने हाती घेण्यात आला. त्यात इ. स. ३२० मधील रोम उभे केलेले असून त्याची पहिली संपूर्ण आवृत्ती २००७ साली प्रसिद्ध झाली. मात्र या आवृत्तीतील नगराचा फार मोठा भाग उत्खननाच्या नोंदींवरून सिद्ध झालेला नव्हता. इटालियन तंत्रज्ञांनी लेसरच्या साहाय्याने जिस्मोंदीच्या प्रतिकृतीचे जे सूक्ष्म मोजमाप घेतले, त्यातून तो भाग आलेला होता. म्हणजे प्रेक्षक ज्या रस्त्यावरून चालतो तो पुष्कळदा चौथ्या शतकातील रोमचा नसून विसाव्या शतकातील प्लास्टरचा असतो.

यात लपवाछपवी मुळीच नाही. प्रकल्पाच्या कर्त्यांनी इमारतींचे दोन वर्ग स्वतःच केले आहेत. ज्यांचे स्थान, रूप व मोजमाप विश्वसनीय रीतीने ज्ञात आहे अशा इमारती पहिल्या वर्गात पडतात. ज्यांचा केवळ प्रकार ज्ञात आहे अशा दुसऱ्या वर्गात. एकूण सुमारे ७,००० इमारतींपैकी पहिल्या वर्गातील इमारती अडीचशेच्या आसपास आहेत. उरलेल्यांचा आधार अत्यंत तुटपुंजा आहे. चौथ्या शतकातील विभागवार याद्यांत नगराच्या १४ विभागांतील घरांची व बहुमजली चाळींची संख्या मिळते, पण त्यांची स्थाने मिळत नाहीत. तिसऱ्या शतकाच्या आरंभी संगमरवरावर कोरलेल्या महानकाशाचा केवळ दहावा-बारावा हिस्सा तुकड्यांच्या रूपाने शिल्लक आहे. एवढ्या सामग्रीवर सुमारे पावणेसात हजार घरे बांधावयाची, तर अनुमानावाचून गत्यंतर नाही, आणि अनुमान हा काही अपराध नव्हे.

आक्षेप आहे तो वेगळाच. पडद्यावर या दोन्ही वर्गांतील भिंती सारख्याच उन्हात, सारख्याच ठामपणे उभ्या असतात. उत्खननाचा आराखडा काढणारा साधा रेखनिक सापडलेली भिंत अखंड रेषेने व अनुमानित भिंत तुटक रेषेने दाखवितो. हा संकेत पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच शिकविला जातो. ग्रंथकारापाशी 'बहुधा', 'कदाचित', 'असावे' हे शब्द असतात. चित्राला 'बहुधा' म्हणता येत नाही. २००९ च्या लंडन सनदेने संगणकीय पुनर्रचनेत पुरावा कोणता व अनुमान कोणते हे पाहणाऱ्याला कळले पाहिजे, असा आग्रह धरला. २०११ च्या सेव्हिल तत्त्वांनी तो अधिक विस्ताराने मांडला. व्यवहारात मात्र ही माहिती बहुधा तज्ज्ञांच्या अहवालात जाते आणि प्रेक्षकाच्या वाट्याला केवळ सुबक संगमरवर येतो.

अशा प्रतिकृतींना 'संवादी' हे विशेषण लावण्याची प्रथा आहे. वळता येते, चढता येते, खिडकीतून डोकावता येते, एवढ्याने संवाद झाला असे मानावयाचे काय? एखादी चाळ चार मजली का दाखविली, दोन मजली का नव्हे, असे विचारण्याची सोय जोवर नाही, तोवर प्रेक्षक हा फिरण्याची मुभा मिळालेला श्रोताच राहतो.

खरा संवाद कसा असू शकतो, याचे उत्तम उदाहरण फ्रिशर यांच्याच कार्यात सापडते, आणि त्याची चर्चा व्हावी तेवढी होत नाही. ऑगस्टसने इजिप्तमधून आणलेला सूचिस्तंभ व त्याच्या सन्मानार्थ उभारलेली शांतिवेदी ही दोन्ही मार्सच्या मैदानावर होती. एडमुंड बुख्नर या जर्मन संशोधकाने १९७६ साली असे प्रतिपादन केले की, तो स्तंभ एका प्रचंड सूर्यघटिकेचा काटा होता आणि ऑगस्टसच्या जन्मदिनी, २३ सप्टेंबरला, त्याची छाया वेदीकडे जात असे. ही कल्पना इतकी मोहक होती की ती पाठ्यपुस्तकांत शिरली. पुढे १९९० साली मिखाएल श्यूट्स यांनी तिच्या गणितावर गंभीर आक्षेप घेतले. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळा घेणे तर अशक्य. कारण स्तंभ आज मोंतेचितोरिओच्या चौकात आहे, वेदी १९३८ साली टायबरच्या काठी हलविण्यात आली, आणि मूळ मैदानावर दाट वस्ती आहे. फ्रिशर यांनी दोन्ही वास्तू संगणकात मूळ स्थानी उभ्या केल्या, त्या काळातील सूर्याची स्थाने खगोलशास्त्रीय गणिताने बसविली आणि वर्षभराचे आकाश तपासले. २०१३ साली त्यांनी जाहीर केलेला निष्कर्ष असा की, महत्त्व छायेला नसून सूर्यबिंबाला आहे : फ्लामिनिया मार्गावरून वेदीकडे पाहणाऱ्याला ९ ऑक्टोबरला, म्हणजे पॅलेटाइन टेकडीवरील अपोलोच्या मंदिराच्या उत्सवदिनी, सूर्य स्तंभाच्या माथ्यावर टेकलेला दिसत असे. सर्वांनीच हे मत स्वीकारले असे नाही; स्तंभाच्या या छायायंत्रावर २०१४ साली एक स्वतंत्र वादग्रंथच निघाला.

येथे प्रतिकृती शोभेची वस्तू राहिलेली नाही. स्तंभाची उंची थोडी बदलली, वेदी काही हात सरकविली, तर निष्कर्ष टिकतो की ढासळतो, हे कोणालाही पाहता यावे, अशी तिची जात आहे. सर्वसामान्य प्रेक्षकाच्या हाती द्यावयाची ती हीच सोय. रोमच्या चाळींचे मजले कमी-अधिक करून लोकसंख्येचा अंदाज कसा हेलकावतो हे त्याला स्वतः पाहू दिले, तर पुरातत्त्वज्ञाचे काम नेमके काय असते हे त्याला एका तासात उमगेल. संगमरवरी चौकातून शंभर फेऱ्या मारूनही ते उमगणार नाही.

टिकाऊपणाचा प्रश्न उरतोच. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये गूगल अर्थवर प्राचीन रोमचा एक थर सर्वांसाठी खुला झाला. तो पुढे काढून घेण्यात आला. तुर्कस्तानातील चाताल्ह्युयूक या नवाश्मयुगीन वसाहतीचे रूथ ट्रिंगहॅम व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेकंड लाइफ या आभासी जगात उभारलेले बेटही असेच नाहीसे झाले. जिस्मोंदीच्या प्लास्टरमधील चुकांवर संशोधक आजही बोट ठेवू शकतो, कारण ते प्लास्टर शिल्लक आहे. २००८ च्या त्या थरात कोणते घर कोठे व कशाच्या आधारे बसविले होते, हे तपासण्यासाठी तो थरच आता समोर नाही.