हात न लागलेलं वाद्य: जुन्या युकुलेलेंच्या संग्रहाविषयी

आजचा विषय जाहीर झाला आणि एका जुन्या विद्यार्थ्याचा मला फोन आला. "सर, तुम्ही आम्हाला न्यायदर्शन शिकवलंत, आणि आता युकुलेले?" त्याला म्हटलं, ऐक तर खरं, न्यायदर्शनही येणार आहे. (हशा)

मी संग्राहक नाही. माझ्याकडे एकच जुनं युकुलेले आहे आणि ते मी वाईट वाजवतो. पण गेली काही वर्षं संग्राहकांचं बोलणं मी लक्ष देऊन ऐकतो आहे, आणि त्यात एक शब्द असा आहे की ज्याची चिकित्सा व्हायला हवी. तो शब्द म्हणजे 'ओरिजिनल'. वाद्य विकायला काढताना लिहितात: सगळं ओरिजिनल, कुणाचा हात लागलेला नाही, दुरुस्ती नाही. हात न लागलेलं वाद्य! वाद्याच्या बाबतीत ही स्तुती कशी काय होऊ शकते, असा माझा साधा प्रश्न आहे.

आधी या वाद्याचं मूळ कुठलं ते पाहू. पोर्तुगालच्या मदैरा बेटावरून 'रेव्हन्सक्रॅग' नावाचं जहाज 23 ऑगस्ट 1879 रोजी होनोलुलूला पोहोचलं. त्यात चारशेहून अधिक माणसं होती, उसाच्या मळ्यांवर राबायला आणलेली. त्यांत मानुएल नुनेस, आउगुस्तो दियास आणि जोझे दो एस्पिरितु सांतु असे तीन सुतार होते. मळ्यावरचा करार संपल्यावर हे लोक शहरात येऊन फर्निचर आणि वाद्यं करू लागले. मदैरात 'माशेत' नावाचं छोटं चार तारांचं वाद्य होतं, आणि 'रजांव' नावाचं पाच तारांचं. युकुलेलेनं अंगलोट माशेतीची घेतली, सुरावट रजांवच्या चार तारांची घेतली, आणि लाकूड घेतलं हवाईतलं, कोआ. कोआ हा आपल्या बाभळीचा लांबचा नातेवाईक. राजा कालाकाउआनं या वाद्याला दरबारात जागा दिली, आणि परक्या मजुरांचं वाद्य बघता बघता हवाईचं झालं. नावाचा प्रचलित अर्थ 'उडी मारणारी पिसू': उकू म्हणजे पिसू, लेले म्हणजे उडी मारणं. आपल्याकडच्या लेले मंडळींनी राग मानू नये. (हशा) राणी लिलिउओकलानी मात्र त्याचा अर्थ 'इकडे आलेली भेट' असा लावत असे. मला तो जास्त आवडतो.

तेव्हा ज्या वाद्याचा जन्मच मोडतोडीतून आणि जुळवाजुळवीतून झाला, त्याच्या 'मूळपणा'चा हा सोहळा आहे. बरं, ही जुळवाजुळव पुढेही थांबली नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या मार्टिन कंपनीची जुनी युकुलेले आज संग्राहक डोक्यावर घेतात. त्या कंपनीचा 1907 सालचा पहिला प्रयत्न फसला होता. गिटारीच्या सवयीनं त्यांनी वरची फळी स्प्रूसची केली, आतून जाड पट्ट्यांनी आवळली, आणि वाद्य घुमेना. 1915 साली सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात हवाईच्या मंडपानं अमेरिकेला या वाद्याचं वेड लावलं, तेव्हा मार्टिननं पुन्हा हात घातला. या वेळी सगळं अंग महॉगनीचं, हलकं, पातळ. ते जमलं. 1920 च्या दशकात अशी वेळ आली की ही गिटारवाली कंपनी गिटारींपेक्षा युकुलेलेच जास्त बनवत होती.

आता संग्राहकाची बाजू प्रामाणिकपणे मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. मार्टिननं सुरुवातीचा थोडा काळ सोडला तर युकुलेलेवर अनुक्रमांक घातलेच नाहीत. मग वाद्य 1918 चं की 1930 चं हे ठरवायचं कशावरून? खुंट्या लाकडी आहेत की धातूच्या, शिक्का कुठे मारलाय, असल्या खुणांवरून. खुंट्या बदलल्या की पुरावा गेला. म्हणजे वाद्य हा एक दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवजावर खाडाखोड करू नये हे मला मान्य आहे. तसंच, जे लोक जुनं पॉलिश खरवडून वर नवा चकचकीत जाड थर चढवतात, त्यांची बाजू मी मुळीच घेत नाही. पापडासारख्या पातळ फळीवर असा थर दिला की ती बोलायची थांबते.

पण संग्राहक इथे थांबत नाही. तो म्हणतो, हात लागलेला नाही म्हणून 'तेव्हाचा आवाज' आत जसाच्या तसा आहे. इथे माझं भांडण सुरू होतं. तेव्हा तारा कसल्या होत्या? आतड्याची तात. नायलॉनच्या तारा आल्या दुसऱ्या महायुद्धानंतर. आज बरेच वादक फ्लुरोकार्बन लावतात, जो मुळात मासे पकडायच्या गळाचा दोरा. शंभर वर्षांपूर्वीच्या वाद्यावर कोळ्याचा दोरा चढवायचा, छेडायचा, आणि डोळे मिटून म्हणायचं, अहाहा, काय 1925 चा आवाज! अहो, कंप पावतं ते तार. तीच बदललीत तुम्ही.

मिलिंदपञ्हातला रथाचा दृष्टांत तुम्हाला ठाऊक आहे. नागसेन विचारतो, चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का? आणि म्हणतो, 'रथ' हे केवळ एक व्यवहाराचं नाव. नैयायिक हे मानत नाहीत. त्यांच्या मते अवयवी, म्हणजे पूर्ण वस्तू, अवयवांहून वेगळी आणि खरी आहे. पण मग त्यांना किंमतही मोजावी लागते: वस्त्रातला एक धागा काढलात तर जुनं वस्त्र नष्ट झालं आणि उरलेल्या धाग्यांचं नवं वस्त्र, खंडपट, उत्पन्न झालं. या हिशेबानं तार बदलली की युकुलेले नवं. कठोर आहे, पण सुसंगत आहे. संग्राहक यांपैकी कुणाचाच नाही. खुंटी बदलली की वाद्याचं शील गेलं म्हणतो, तार बदलली तर काहीच झालं नाही म्हणतो. हा भेद वस्तूच्या स्वरूपातून येत नाही. तार बाजारात विकत मिळते आणि 1920 ची खुंटी मिळत नाही, म्हणून येतो. भाव दुर्मिळतेचा आहे, नाव मात्र आवाजाचं पुढे करतात.

आवाजाबद्दल एक प्रयोग सांगतो. तो व्हायोलिनचा आहे आणि युकुलेलेला जसाच्या तसा लावता येणार नाही, पण विचार करायला लावतो. 2010 साली इंडियानापोलिस इथे क्लॉडिया फ्रिट्झ आणि सहकाऱ्यांनी 21 वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे चढवले आणि सहा व्हायोलिनं हातात दिली. तीन नवी, तीन जुनी, जुन्यांत स्ट्रॅडिव्हेरियसही. सर्वांत आवडलेलं व्हायोलिन नवं निघालं, आणि सर्वांत नावडतं स्ट्रॅडिव्हेरियस. लाकूड वयानं बदलतच नाही असं मी म्हणत नाही. ते बदलतं. पण आपले कान किंमतीची चिठ्ठी वाचतात, एवढं कबूल करायला काय हरकत आहे? आपल्या मिरजेला तंबोऱ्याची जवारी काढताना घोडी दर वेळी कानशीनं घासतात. तंबोरा खोटा झाला असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

आता माझ्याच घरातली गोष्ट. दुसऱ्यांवर टीका केली, तर ही झाकून ठेवणं बरं नाही.

माझं युकुलेले मार्टिनचं, सर्वांत साध्या नमुन्याचं. मुलाकडे अमेरिकेत गेलो असताना हिनं ते एका जुन्या सामानाच्या दुकानात पाहिलं. ही सतार वाजवायची. संधिवातानं बोटं आखडली आणि सतार सुटली. युकुलेलेच्या तारा मऊ, पडदे जवळजवळ. ते तिला जमलं. सात वर्षं रोज संध्याकाळी वाजवलं. ती गेल्यावर मी ते पेटीत ठेवलं आणि पेटी कपाटावर. मुलं म्हणायची, बाबा, काढा की. मी म्हणायचो, राहू दे, तिनं लावलेलं आहे तसं राहू दे. बघा, मीही तेच म्हणत होतो: ओरिजिनल, हात न लागलेलं.

तीन उन्हाळे गेले. आपल्याकडचा एप्रिल किती कोरडा असतो ते सांगायला नको. चौथ्या वर्षी पेटी उघडली तर वरच्या फळीला घोडीपासून खालपर्यंत तडा. लाकूड सुकलं, आखडलं, आणि ताणलेल्या तारांनी उरलेलं काम केलं. वाजवत असतो तर पहिल्याच उन्हाळ्यात कानाला कळलं असतं.

एका गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे नेलं. तरुण मुलगा. त्यानं आरसा आत घालून पाहिलं आणि म्हणाला, "काका, आधी हळूहळू ओलावा देऊ, मग सरस भरू आणि आतून बारीक पट्ट्या लावू. रेघ दिसेल. झाकायची तर पॉलिश काढावं लागेल." म्हटलं, रेघ दिसू दे. ओळखीच्या एका संग्राहकांना हे कळलं, तर ते कळवळून म्हणाले, किंमत निम्म्यावर आली हो. असेल.

मग तो मुलगा म्हणाला, "तारा काढाव्याच लागतील. ठेवून देऊ की टाकू?" नागसेन, उदयनाचार्य, कुणी मदतीला आलं नाही. मी म्हटलं, पाकिटात घालून दे. त्या पाकिटात आहेत, टेबलाच्या खणात. वाद्यावर नव्या आहेत. नायलॉनची नवी तार आठवडाभर सूर धरत नाही, ताणत राहते, पुन्हा पुन्हा लावावी लागते. सध्या माझं तेच चाललं आहे.

आता प्रश्न घेऊ या.