एका तरुण प्रेक्षकाची वही

ग्रंथपरीक्षणासाठीं राखलेल्या या पृष्ठांत यावेळीं आम्ही एका हस्तलिखित वहीचा परामर्श घेणार आहों, याचें वाचकांस कदाचित् नवल वाटेल. वही आमच्या एकोणीस वर्षांच्या भाच्याची आहे. तो पुण्यास यंत्रशास्त्राचा अभ्यास करतो, आणि त्या अभ्यासांतून उरलेला, आमच्या भगिनीच्या मतें त्या अभ्यासांतून चोरलेला, वेळ चित्रपटगृहांत घालवितो. पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाबद्दल पान-दोन पानें लिहून ठेवण्याची त्याला संवय आहे. "मामा, वाचा, पण आईला दाखवूं नका," या अटीवर त्यानें ती आमच्या हवालीं केली. तींतील मतें या मासिकांत छापण्यास मात्र त्यानें आनंदानें परवानगी दिली. यावरून मासिकें हल्लीं कोण वाचतें याविषयीं त्याची समजूत काय असावी, हें उघड आहे.

वहीचें बाह्यरूप फारसें प्रसन्न नाहीं. मराठी व इंग्रजी शब्दांची त्यानें केलेली खिचडी आमच्यासारख्या जुन्या मनुष्याच्या घशाखालीं उतरत नाहीं, आणि प्रत्येक पानाच्या माथ्यावर चित्रपटाच्या नांवाबरोबर पहिल्या आठवड्याचा गल्ला किती जमला याचा कोटींतला आंकडा लिहिलेला असतो, तो तर आम्हांस अगदींच अस्थानीं वाटतो. कादंबरीच्या परीक्षणाखालीं रद्दीचा भाव लिहिण्यासारखेंच तें आहे. परंतु हे आंकडे ओलांडून जो पुढें जाईल त्याला या वहींत कांहीं खरें पाहणें आढळेल. चित्रपटांविषयीं घराघरांत जें बोललें जातें त्यांत एका बाजूस मुलें बिघडण्याची भीति आणि दुसऱ्या बाजूस आवडत्या नटाचा जयजयकार, याखेरीज तिसरें कांहीं सहसा नसतें. या मुलानें तें तिसरें कांहीं करण्याचा यत्न केला आहे.

त्याचें मुख्य प्रमेय एका वाक्यांत सांगतां येतें. तो म्हणतो, हल्लीं कुटुंब पाहावयाचें असेल तर हाणामारीच्या चित्रपटाला जावें. कारण कौटुंबिक म्हणून ज्यांची जाहिरात होते त्या चित्रपटांत नुसतें घर असतें, कुटुंब नसतें. वाक्य त्याच्या वयाला साजेल असें फटकळ आहे, पण त्यामागें जमविलेला पुरावा हलका नाहीं. 2023 या एकाच वर्षाचे चित्रपट घ्या. 'जवान' मध्यें तुरुंगांत जन्मलेला मुलगा आणि त्याचा बाप अशा दोनही भूमिका शाहरुख खान यानेंच केल्या आहेत, आणि सारी लढाई आईच्या फांशीचा हिशेब चुकता करण्यासाठीं आहे. 'पठाण' चा नायक आईबापांचा पत्ता नसलेला. पण त्यालाही अफगाणिस्तानांतील एका खेड्यानें आपला मानल्याची कथा जोडल्यावांचून कथाकारास चैन पडलें नाहीं. 'अ‍ॅनिमल' तर आरंभापासून शेवटपर्यंत बाप आणि लेक यांचीच गोष्ट आहे.

त्याला ठाऊक नसलेली एक गोष्ट येथें आम्ही पुरवितों. ही रीत आजची नव्हे. वाडिया मूव्हीटोनच्या 1935 सालच्या 'हंटरवाली' मध्यें नादियानें मुखवटा घालून चाबूक हातीं घेतला तो दुष्ट प्रधानाच्या तावडींत सांपडलेल्या बापासाठींच. उलट 1937 सालीं प्रभातनें काढलेल्या 'कुंकू' मध्यें एकही तरवार नाहीं; तरी म्हाताऱ्या नवऱ्याशीं संसार करण्यास नाकारणारी नीरा आणि आपली चूक उमगून शेवटीं जीव देणारे काकासाहेब यांच्यामध्यें जें युद्ध होतें तसें रक्तरंजित युद्ध 'हंटरवाली' तही नाहीं. तेव्हां हाणामारीचा चित्रपट निराळा आणि घरगुती चित्रपट निराळा, ही वांटणी तेव्हांही पक्की नव्हती. पाहावयाचें तें एवढेंच कीं, चित्रपटांत जो घाव बसतो, मग तो शस्त्राचा असो वा शब्दाचा, त्याचें वजन कोणाच्या तरी अंगावर पडतें कीं नाहीं.

याच मापानें आमचें आणि भाच्याचें पहिलें भांडण 'अ‍ॅनिमल' वरून होतें. संदीप रेड्डी वंगा यांचा हा 3 तास 21 मिनिटांचा चित्रपट केवळ प्रौढांसाठीं म्हणून प्रमाणित झालेला होता, आणि भाच्यानें त्यावर सर्वांत अधिक, म्हणजे सात पानें लिहिलीं आहेत. पहिल्या दोन पानांशीं आम्ही पूर्ण सहमत आहों. बापाच्या वाढदिवशीं शाळेंतून धावत येणारा मुलगा आणि कारखान्याच्या व्यापामुळें त्याच्याकडे पाहण्यास सवड नसलेला बाप, हें चित्र अनिल कपूर यांच्या चेहऱ्यावरील त्या बधिर सभ्यपणामुळें खरें उतरलें आहे. शेवटाकडे मुलगा बापाला म्हणतो, तुम्ही मुलगा व्हा, मी बाप होतों. आणि लहानपणीं बापानें त्याला जसें वागविलें तसें तो बापाला वागवून दाखवितो. हा प्रसंग एखाद्या चांगल्या नाटकांत शोभला असता. भाचा लिहितो कीं त्या वेळीं त्याच्या शेजारीं बसलेला एक अनोळखी गृहस्थ चष्मा पुसत होता. आमचा त्यावर विश्वास आहे.

परंतु पुढच्या पांच पानांत त्यानें या दुःखाच्या भांडवलावर चित्रपटानें उभारलेल्या सगळ्या व्यवहाराला मुभा दिली आहे, ती आम्ही देऊं शकत नाहीं. मुखवटे चढविलेले कुऱ्हाडधारी लोक खानावळीसह असलेल्या एका मोठ्या हॉटेलांत घुसतात, नायक त्यांस शेंकड्यांनीं कापून काढतो, आणि वर एक अजस्र यंत्रतोफ चालवितो. हा देखावा रचण्यांतलें कौशल्य आम्हांसही दिसतें. त्यांत फ्रेडी या शस्त्रविक्याच्या भूमिकेंत उपेंद्र लिमये येऊन जी धमाल उडवितात, आणि अजय-अतुल यांचें 'डॉल्बीवाल्या' हें मराठी गाणें मध्येंच वाजूं लागतें, त्यावेळीं आपल्याकडील चित्रपटगृहांत शिट्ट्या झाल्या यांत नवल नाहीं. पण हे मरणारे मुखवटे घालून कां आले आहेत? चेहरा दिसला तर त्याला आई असेल, बायको असेल, आणि मग शिट्टी वाजविणें जड जाईल, हेंच त्याचें उत्तर होय. ज्या चित्रपटाला एका मुलाच्या दुखऱ्या मनासाठीं तीन तासांहून अधिक वेळ लागतो, त्याला बाकीच्यांच्या मरणासाठीं एक क्षणही लागत नाहीं. वस्तुतः शत्रुपक्ष हाही नायकाच्याच दुरावलेल्या घराण्यांतला आहे. म्हणजे ही सरळ भाऊबंदकी आहे. खाडिलकरांनीं त्याच नांवाच्या नाटकांत एका नारायणरावाच्या खुनानें सारा शनिवारवाडा कसा झांकोळून टाकला, हें ज्यांना आठवतें त्यांना येथील शेंकडो खून पिसासारखे हलके वाटतील.

स्त्रियांच्या बाबतींत तर भाच्याचा बचाव अगदींच लंगडा आहे. नायक एका तरुणीस प्रेमाची खूण म्हणून आपला बूट चाटावयास सांगतो. "तो आदर्श म्हणून दाखविलेला नाहीं," असें भाचा म्हणतो. ठीक आहे, आदर्श नव्हे. पण ती तरुणी घरीं गेल्यावर तिला काय वाटलें, हें चित्रपटानें विचारलें आहे काय? बापानें न पाहिलेल्या मुलाचें दुःख ज्याला कळतें त्या लेखकाला हें दुःख कळूं नये, हा नीतीचा नव्हे, कलेचा दोष आहे, आणि म्हणूनच तो आम्ही येथें मांडला. आमच्या भगिनीस हा चित्रपट घाणेरडा वाटतो. भाच्याला थोर वाटतो. आम्हांस तो अर्धवट पाहिलेला वाटतो, म्हणजे करणाऱ्यानेंच अर्धवट पाहिलेला.

वहींतलें सर्वोत्तम पान 'किल' या चित्रपटाविषयींचें आहे, आणि तें वाचूनच हा लेख लिहिण्याचें आमच्या मनांत आलें. निखिल नागेश भट यांचा हा चित्रपट भारतांत जुलै 2024 मध्यें प्रदर्शित झाला. दिल्लीकडे जाणाऱ्या आगगाडीवर दरोडा पडतो, सैन्यांतला एक कमांडो प्रेयसीसाठीं त्याच गाडीनें निघालेला असतो, आणि तिचा खून झाल्यावर, चित्रपट बराच पुढें गेल्यानंतर, पडद्यावर चित्रपटाचें नांव झळकतें. त्यापुढें जें होतें तें इतकें भयंकर आहे कीं दुबळ्या मनाच्या वाचकांनीं तिकडे फिरकूं नये, हें आम्ही आधींच सांगतों. पण भाच्याला त्यांत जें दिसलें तें आमच्या पाहण्यांत आलेल्या एकाही छापील परीक्षणांत नव्हतें. ते दरोडेखोर एकाच गोतावळ्यांतले आहेत. काका, पुतणे, भाऊ, बाप आणि लेक अशी ती टोळी आहे. नायकानें एकाला मारलें कीं डब्याच्या पलीकडच्या टोकाला कोणीतरी हंबरडा फोडतो. मृताला नांवानें हांका मारतो. त्याचें डोकें मांडीवर घेतो. भाचा लिहितो: "पहिल्यांदा असें झालें कीं हिरोनें गुंड मारला आणि टाळी वाजवायला उचललेला हात मीच खालीं घेतला." शेवटीं दरोडेखोरांपैकींच एक नायकाला राक्षस म्हणतो, आणि प्रेक्षकाला त्याचें म्हणणें सर्वस्वीं खोडून काढतां येत नाहीं.

येथें भाच्याच्या प्रमेयाला खरा आधार मिळतो. हाणामारीचा चित्रपट कुटुंबाचा केव्हां होतो? नायकाला बाप असतो तेव्हां नव्हे, तर खलनायकालाही असतो तेव्हां. त्यानें हें इतक्या शब्दांत लिहिलेलें नाहीं, आणि 'अ‍ॅनिमल' च्या पानांकडे वळून त्याच मापानें तें मापलेलेंही नाहीं. मापलें असतें तर सातांपैकीं पांच पानें त्यालाच फाडावीं लागलीं असतीं.

'छावा' विषयीं तो थोडक्यांत आटोपतो, आणि आम्हीही फार लांबवीत नाहीं. लक्ष्मण उतेकर यांच्या 2025 सालच्या या चित्रपटाच्या अखेरीस प्रेक्षागृहांत लहानथोर हुंदके देत होते, हें आम्हीं प्रत्यक्ष पाहिलें. शिवाजी सावंतांची कादंबरी वाचून ज्यांचें तारुण्य गेलें त्यांना शेवट ठाऊक असूनही तो सोसवत नव्हता. विकी कौशल यानें देहाची वेदना दाखविण्यांत कसूर केलेली नाहीं. पण येसूबाई व सोयराबाई यांच्या वांट्याला इतकी थोडी जागा आली आहे कीं घरांतील बेबनाव नुसता सांगितला जातो, दिसत नाहीं. एक गोष्ट मात्र भाच्याच्या नजरेंतून निसटली. चित्रपट लागल्यावर शिर्के घराण्यांतील वंशजांनीं आपल्या पूर्वजांच्या चित्रणास हरकत घेतली आणि दिग्दर्शकानें दिलगिरी व्यक्त केली. इतिहासाचा निवाडा इतिहासकार करोत. पण पडद्यावर ज्याला फितूर म्हणून दाखविलें त्याच्या घरचीं माणसें तीन शतकांनंतरही उठून उभीं राहतात, हें मुखवटे वांटणाऱ्या निर्मात्यांनीं ध्यानीं धरण्याजोगें आहे.

आतां कौटुंबिक म्हणविणाऱ्या चित्रपटांकडे येऊं. केदार शिंदे यांच्या 'बाईपण भारी देवा' ला भाच्यानें चार ओळींत निकालांत काढलें आहे. सहा बहिणी दुरावलेल्या असतात, मंगळागौरीच्या स्पर्धेसाठीं एकत्र येतात, सर्व जणी एकमेकींस क्षमा करतात, आणि "कोणाचें कांहींच जात नाहीं," असा त्याचा आक्षेप आहे. आक्षेपांत तथ्य आहे. घरोघरच्या गुंत्यांची उकल चित्रपट जरा घाईनें करतो, आणि वर्षानुवर्षांचा अबोला इतक्या स्वस्तांत मिटत नसतो, हें बहिणी असलेल्या कोणालाही विचारावें.

तथापि या मुलानें एक गोष्ट पाहिलीच नाहीं, आणि हाणामारीच्या चित्रपटांत प्रत्येक ठोसा मोजणाऱ्यानें ती पाहूं नये याचें आम्हांस राहून राहून आश्चर्य वाटतें. मंगळागौरीचे खेळ हे अंगमेहनतीचे खेळ आहेत. फुगडी, झिम्मा, पिंगा यांत दम लागतो, गुडघे बोलतात, पाठ धरते. सत्तरी ओलांडलेल्या रोहिणी हट्टंगडी आणि त्यांच्या बरोबरीच्या वंदना गुप्ते पदर खोंचून उभ्या राहतात तेव्हां त्यांच्या देहांत जें धाडस आहे तें यंत्रतोफेमागें उभ्या राहणाऱ्या नायकांत नाहीं, कारण तोल गेला तर काय होईल हें प्रेक्षागृहांतली प्रत्येक स्त्री आपल्या कंबरेवरून जाणते. 2023 च्या पावसाळ्यांत नऊवारी नेसून, वर काळे चष्मे लावून बायकांचे थवेच्या थवे हा चित्रपट पाहावयास गेले आणि खुर्च्यांमधल्या वाटेंत नाचले. आमची भगिनी आपल्या कचेरींतल्या मैत्रिणींबरोबर गेली होती. दोन दिवस तिचे पाय दुखत होते. भाच्याच्या वहींत याचा उल्लेख "आई कुठेतरी गेली होती, जेवण गार होतें" एवढाच आहे.

'नाळ' ला त्यानें न्याय दिला आहे, पण तोही उभ्या उभ्या. सुधाकर रेड्डी यक्कंटी यांचा हा 2018 सालचा चित्रपट नदीकांठच्या एका खेड्यांतल्या चैत्याची गोष्ट सांगतो. आपली आई ही आपली जन्मदात्री नव्हे, हें त्या आठ-नऊ वर्षांच्या पोराला कळतें, आणि तेथून पुढें कोणीही कोणावर हात उगारीत नसतां प्रत्येक प्रसंग घाव घालीत जातो. म्हशीचें रेडकू मरतें, तेव्हां तिनें पान्हा चोरूं नये म्हणून त्याच्या कातड्यांत पेंढा भरून तें तिच्यापुढें ठेवितात. मूल तें पाहतें. कोणी कांहीं बोलत नाहीं. देविका दफ्तरदार यांनीं केलेली आई, आपलें मूल आपल्यापासून सरकत आहे हें जाणूनही भाकरी थापीत राहते. जेथें घावाचें संपूर्ण वजन पडलें आहे असा हा घरगुती चित्रपट आहे. घर असून कुटुंब नसतें, ही भाच्याची तक्रार त्याच्यापुढें टिकत नाहीं.

2023 च्या 'नाळ 2' मध्यें चैत्या आपल्या जन्मदात्रीच्या गांवीं जातो आणि तेथें त्याला चिमी ही धाकटी बहीण भेटते. ती भूमिका करणाऱ्या त्रिशा ठोसर या चिमुरडीस पुढें बालकलाकाराचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें. रुसणें, तोंड फिरविणें आणि हळूच वळून पाहणें, एवढ्या तीनच शस्त्रांनीं ही पोर सारा चित्रपट लढविते. त्याबद्दल वहींत दोन ओळी आहेत, त्यांतली एक गल्ल्याची. तें पान पुन्हां लिहावें असें आम्हीं भाच्याला कळविलें आहे, आणि परीक्षा संपल्यावर लिहितों असें त्याचें उत्तर आलें आहे.