सहा दिवसांची मांडणी आणि सातवा दिवस

मंडळी, हिब्रू सृष्टीकथेवर एक आक्षेप नेहमी येतो: उजेड पहिल्या दिवशी आणि सूर्य चौथ्या दिवशी, हे कसं? आम्हाला वाटतं, याचं उत्तर विज्ञानात शोधू नये. ते कथेच्या बांधणीत आहे.

भोर-वेल्ह्यात भात लावणाऱ्यांना ही बांधणी लगेच कळेल. आधी बांध घालून खाचर तयार करायचं, लावणी मग. कथेच्या सुरुवातीला पृथ्वी आकारहीन आणि रिकामी आहे. पहिले तीन दिवस आकार देण्याचे: उजेड-अंधार वेगळे केले, वरचं-खालचं पाणी वेगळं केलं, समुद्रातून जमीन वर काढली. पुढचे तीन भरण्याचे: सूर्य-चंद्र-तारे, मग मासे नि पाखरं, मग जनावरं आणि माणूस. पहिल्याची जोडी चौथ्याशी, दुसऱ्याची पाचव्याशी, तिसऱ्याची सहाव्याशी. जोड्या अगदी काटेकोर नाहीत. मासे पाचव्या दिवशीचे, पण समुद्र तिसऱ्या दिवशीचा. तरी रचना स्पष्ट दिसते.

सातव्या दिवसाला मात्र जोडी नाही. प्रत्येक दिवस 'संध्याकाळ झाली, सकाळ झाली' या पालुपदावर संपतो. सातव्याला तेही नाही. आणि सात हा आकडा तर कथेत मुरलेलाच आहे. मूळ हिब्रूत पहिलं वाक्य सात शब्दांचं, दुसरं चौदा. 'चांगलं आहे' हा शेराही सात वेळा येतो. सगळी मांडणी या दिवसाकडे चालली आहे.

याने फरक काय पडतो? सहाव्या दिवशी माणसाला इतर जीवांवर सत्ता मिळते. १९६७ मध्ये इतिहासकार लिन व्हाइट यांनी पर्यावरणाच्या संकटाचं मूळ शोधताना पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेच्या या कल्पनेवर बोट ठेवलं. वाक्य सुटं वाचलं तर आरोप पटतो. पण रचनेत ही सत्ता शेवटची नाही, तिच्यानंतर थांबणं आहे.

आपल्या भोरहून वरंधा घाट उतरला की कोकण. तिथले बेने इस्राएल तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. दीर्घकाळ त्यांच्याकडे हिब्रू ग्रंथांचं वाचन उरलं नव्हतं, पण सातवा दिवस उरला होता. 'निर्गम' या पुस्तकातली आज्ञा या विश्रांतीचं कारण म्हणून हीच सृष्टीकथा सांगते, आणि त्या विश्रांतीत चाकर, परका, जनावरं सगळे येतात. म्हणजे घाण्याचा बैलसुद्धा. माणसाची बैलावरची सत्ता तिथे दर आठवड्याला एक दिवस थांबत होती.

बायबलच्या अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली. तिच्यामुळे पहिला अध्याय सहाव्या दिवशीच संपतो आणि सातवा दिवस पुढच्या अध्यायात जातो. पुष्कळ वाचक तिथेच पुस्तक मिटतात आणि त्यांच्यापुरती गोष्ट माणसाच्या सत्तेवर संपते. तेव्हा आमची एवढीच विनंती, की घरी वाचाल तेव्हा दुसऱ्या अध्यायाची पहिली तीन वाक्यं वाचूनच थांबा.