‘द बर्ड्स’मधील शाळेचे दृश्य : कॅमेरा, ध्वनी आणि उत्कंठा

भयपटातील उत्कंठा प्रामुख्याने पार्श्वसंगीतातून निर्माण होते, असा समज रूढ आहे. अल्फ्रेड हिचकॉक दिग्दर्शित ‘द बर्ड्स’ (१९६३) या समजाला छेद देतो. या चित्रपटाला रूढ अर्थाने पार्श्वसंगीतच नाही. श्रेयनामावलीत बर्नार्ड हरमन यांचे नाव ध्वनिसल्लागार म्हणून येते आणि पक्ष्यांच्या आवाजासाठी ऑस्कर साला व रेमी गॅसमन यांनी इलेक्ट्रॉनिक ध्वनींची योजना केली. प्रस्तुत लेखात यातील शाळेबाहेरच्या एकाच दृश्याचा विचार केला आहे.

बोडेगा बे येथील शाळेत मुले गात आहेत. मेलनी बाहेर बाकावर सिगारेट ओढत वाट पाहते आहे. तिच्या पाठीमागे, मुलांच्या खेळाच्या लोखंडी सांगाड्यावर एक कावळा येऊन बसतो. कॅमेरा पुन्हा तिकडे जातो तेव्हा आणखी काही आलेले असतात. ही वाढ प्रेक्षक पाहतो. मेलनी पाहत नाही.

हिचकॉकची टेबलाखालच्या बॉम्बची उपपत्ती सुपरिचित आहे : बॉम्ब असल्याचे प्रेक्षकाला ठाऊक, पात्राला नाही. प्रस्तुत दृश्य तिचे उदाहरण मानणे मात्र अर्धसत्य ठरेल. कारण यानंतर कॅमेरा मेलनीच्या समीपदृश्यावरच खिळून राहतो आणि प्रेक्षकालाही मागचे काही दिसू देत नाही. अखेर आकाशातून जाणाऱ्या एका कावळ्याचा तिची नजर माग घेते. तो उतरतो तेथे संपूर्ण सांगाडा कावळ्यांनी भरून गेलेला असतो. धोका आहे, हे प्रेक्षकाला माहीत होते. तो केवढा आहे, हे त्यालाही तिच्याबरोबरच कळते.

गीताचे कार्य याहून सूक्ष्म आहे. कडव्यामागून कडवे, तेच ते पालुपद. गाणे चालू आहे तोवर मुले आत, म्हणजे सुरक्षित. ते संपले की मुले बाहेर येणार. मेलनीला गाणे लवकर संपावेसे वाटते, प्रेक्षकाला ते संपूच नये असे वाटते. एकाच ध्वनीने दोन परस्परविरोधी अपेक्षा जागविल्या आहेत, आणि कावळे मात्र निःशब्द.

पुढे मुलांना शाळेबाहेर नेण्याचे ठरते. चौकटीत केवळ बसलेले कावळे व शांतता. मग चौकटीबाहेरून धावत्या पावलांचा आवाज येतो आणि त्यासरशी थवा उठतो. मुलांचे पळणे आधी ऐकविले आहे, नंतर दाखविले आहे.

त्यानंतरचा प्रत्यक्ष हल्ला तुलनेने उणा वाटतो. धावणाऱ्या मुलांवर पक्षी चिकटविल्यासारखे दिसतात, चित्रजोडणीचे तंत्र उघडे पडते, आणि इतका वेळ मूक असलेला थवा ओरडू लागताच बाकावरच्या त्या प्रतीक्षेतील भय ओसरते.