घंटेची उपमा आणि वॉर्डनक्लिफचा मनोरा : एक चिकित्सा

प्रस्तावना : निकोला टेस्ला (१८५६–१९४३) यांनी संदेशांबरोबरच वीजही बिनतारी पद्धतीने दूरवर पोहोचविण्याच्या हेतूने १९०१ साली न्यूयॉर्कनजीक लाँग आयलंडवर वॉर्डनक्लिफच्या मनोऱ्याची उभारणी सुरू केली. १८७ फूट उंचीचा हा मनोरा १९१७ साली पाडण्यात आला. जे. पी. मॉर्गन यांनी दीड लाख डॉलरनंतर अधिक पैसा नाकारल्याने योजना बुडाली, असे लोकप्रिय लेखनात सांगितले जाते. या कथनात तिच्या भौतिकीय आधाराची चिकित्सा राहून जाते. टेस्ला यांनी तो आधार ध्वनिशास्त्रातील अनुनादाच्या भाषेत मांडला असल्याने त्या भाषेचेच परीक्षण आवश्यक ठरते.

विवेचन : योग्य वेळी मिळालेल्या लहान आघातांतून मोठे दोलन घडणे म्हणजे अनुनाद. कोकणातील घरांच्या ओटीवरील झोपाळा हे त्याचे परिचित उदाहरण होय. टेस्ला यांच्या मंडलरचनेत ही कल्पना यथार्थ आहे. एक टोक बंद असलेल्या नळीत बंद टोकाशी हवा निश्चल, तर उघड्या टोकाशी तिचे कंपन कमाल असते. त्यांच्या वेटोळ्यातही जमिनीशी जोडलेल्या टोकाशी विद्युतदाब किमान व माथ्याशी कमाल असतो. दोन्हीकडे लांबी तरंगलांबीच्या एकचतुर्थांश असते. येथे उपमेला गणिताचा आधार आहे.

पुढे मात्र हीच उपमा संपूर्ण पृथ्वीला लावली जाते. १९१९ साली 'इलेक्ट्रिकल एक्सपेरिमेंटर' मासिकातील लेखात टेस्ला यांनी भूकंपाने हादरणाऱ्या पृथ्वीची तुलना घंटेशी केली आणि विद्युत आघात झाल्यास तिच्यावरील भार सेकंदाला सुमारे बारा वेळा दोलायमान होतो, असे प्रतिपादन केले. विन्फ्रिड शूमान यांनी १९५२ साली पृथ्वी व आयनांबर यांमधील पोकळीच्या अनुनादाचे भाकीत केले. त्याची मूळ वारंवारता सुमारे ७.८ हर्ट्झ असल्याचे पुढे मोजमापांतून दिसले. परंतु या पोकळीतील ऊर्जा एक-दोन आवर्तनांतच बहुतांशी विरते. उत्तम घंटा दीर्घकाळ निनादते. ही 'घंटा' वाजताक्षणीच मंदावते. अनुनाद ऊर्जा निर्माण करीत नाही, व्यय कमी असल्यास ती केवळ साठवितो. टेस्ला यांच्या उपमेत व्ययाचा हा प्रश्न झाकला जातो.

बिनतारी संदेशवहनाच्या यशाने योजनेचे समर्थन करणेही सयुक्तिक नाही. १९२७ साली खडकीचे प्रेषणकेंद्र व दौंडचे ग्रहणकेंद्र यांच्याद्वारे इंग्लंडशी बीम पद्धतीची बिनतारी सेवा सुरू झाली. संदेश वाचण्यास प्रेषित ऊर्जेचा अत्यल्प अंश पुरतो. वीजपुरवठ्यात मात्र तिचा मोठा हिस्सा ग्राहकापर्यंत पोहोचावा लागतो.

समारोप : २००७ साली एमआयटीतील संशोधकांनी अनुनादी वेटोळ्यांच्या साहाय्याने सुमारे दोन मीटर अंतरावरील ६० वॅटचा दिवा सुमारे ४० टक्के कार्यक्षमतेने उजळविला. अंतर अल्प व वेटोळ्यांतील व्यय कमी असल्यानेच हे शक्य झाले. सारांश, उपमा संशोधनाला दिशा देते, पुरावा देत नाही. वॉर्डनक्लिफची कथा वर्गात सांगताना मॉर्गन यांच्या नकाराइतकेच महत्त्व ऊर्जाव्ययाच्या हिशेबाला दिले, तरच विद्यार्थ्यांना प्रतिभेच्या गौरवाबरोबर तिच्या परीक्षणाचीही दृष्टी लाभेल.