नंदिनी कोणाची?

तंजावरास बदली होऊन आलेल्या मराठी माणसाला हे शहर पहिले काही दिवस आपलेच वाटत राहते. भोसल्यांचा राजवाडा, सरस्वती महालातील मोडी बाडे, बृहदीश्वराच्या आवारातील भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली कोरविलेली भोसले वंशाची मराठी बखर, एवढे पाहिले की मन निवते. परंतु तमिळ शेजाऱ्याच्या मनात जे तंजावर नांदते ते निराळे आहे, आणि ते पुष्कळसे एका साप्ताहिकाच्या पानांवर उभे राहिलेले आहे. ‘कल्कि’ या टोपणनावाने लिहिणारे रा. कृष्णमूर्ती (१८९९–१९५४) हे याच जुन्या तंजावर जिल्ह्यातले. त्यांची ‘पोन्नियिन सेल्वन’ ही कादंबरी त्यांच्याच ‘कल्कि’ साप्ताहिकातून ऑक्टोबर १९५० पासून मे १९५४ पर्यंत क्रमशः प्रसिद्ध झाली. चोळांच्या दहाव्या शतकातील ही कथा ज्या काळात घडते, त्या काळी आजचे मोठे देऊळ बांधलेलेही नव्हते. कथेत आहे तो किल्ला, त्यातील वाडे, भुयारे व कोषागार. आणि या सर्वांच्या मध्यभागी आहे नंदिनी. प्रस्तुत लेखात विचार करावयाचा आहे तो तिचा.

कथानकाचा परिचय नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगावयाचे तर असे. वृद्ध सुंदर चोळ तंजावरच्या महालात आजारी आहे. थोरला पुत्र आदित्य करिकालन कांचीस, धाकटा अरुळमोळी (पुढे राजराज म्हणून प्रसिद्धीस आलेला) लंकेत, आणि कन्या कुंदवै पळैयारैस. तंजावरचा कोष पेरिय पळुवेट्टरैयर या सरदाराच्या हाती आहे, तर किल्ल्याचा बंदोबस्त त्याच्या धाकट्या भावाकडे. अंगावर चौसष्ट जखमांचे वण मिरविणाऱ्या या म्हाताऱ्या वीराने उतारवयात ज्या तरुणीशी विवाह केला ती नंदिनी. पांड्य राजा वीरपांड्य याचा शिरच्छेद करिकालनने केला, त्या वेळी ती त्याच्या प्राणांची भीक मागत होती. ती भीक नाकारली गेली. चोळकुलाचा निर्वंश करण्याची शपथ घेतलेल्या पांड्यपक्षीयांची माणूस म्हणून ती कोषाधिकाऱ्याच्या घरात शिरली आहे.

हेरगिरीची जी म्हणून साधने असतात ती सर्व कल्किंनी तिच्या हाती दिली आहेत. तिच्या नावाने निघालेल्या पडद्याच्या पालखीतून सिंहासनाचा एक दावेदार गुप्तपणे मुक्कामोमुक्कामी हिंडतो. तिने दिलेली ताडाच्या चिन्हाची मुद्रिका दाखविली की किल्ल्याचे दरवाजे उघडतात, आणि कथेचा नायक वंदियदेवन तिच्याच आधारे आत शिरतो. मध्यरात्री एका विस्मृत स्त्रीच्या पिशाच्चाचे सोंग घेऊन ती रुग्ण राजाचे उरलेसुरले धैर्य हिरावून घेते. मीनचिन्हांकित पांड्यखड्ग मात्र ती एकांतात उराशी धरते. रविदासन व त्याचे सोबती अरण्यात शपथा घेतात, मंत्रतंत्र करतात, घुबडांच्या आवाजात एकमेकांस खुणावतात. पण शत्रूच्या घरात दिवसरात्र राहून, हसून बोलून, पतीला व्रताच्या सबबीने दूर ठेवून जे कठीण काम करावयाचे, ते एकटी नंदिनी करते.

आपल्या वाङ्मयात अशा स्त्रीची परंपरा जुनी आहे. कौटिल्याने संचार करणाऱ्या हेरांत सत्री, तीक्ष्ण व रसद यांच्या जोडीला भिक्षुकीही गणली आहे. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त राक्षसाने चंद्रगुप्तासाठी योजलेली विषकन्या चाणक्य युक्तीने पर्वतकाकडे वळवितो. हा सारा प्रकार नाटकाच्या आरंभापूर्वीच घडून गेलेला आहे. त्या विषकन्येला नाटकात ना नाव आहे, ना एखादे वाक्य. एका मंत्र्याने सोडलेला आणि दुसऱ्याने परतविलेला तो एक बाण आहे. या दृष्टीने पाहता कल्किंचे श्रेय मोठे आहे. त्यांनी विषकन्येला नाव दिले, बाळपण दिले, अपमान दिला आणि वाचा दिली. ती बोलू लागते तेव्हा तिच्या विरुद्ध पक्षाचा वाचकही क्षणभर थांबतो.

परंतु येथेच एक प्रश्न उपस्थित होतो. बहिर्जी नाईकाचे नाव निघाले की आपण विचारतो, त्याने बातमी कोणती आणली? सुरतेची खडान्‌खडा माहिती कशी काढली? तो कोणाचा मुलगा, कोणाचा नवरा, हे विचारण्याचे आपल्या मनातही येत नाही. हेर पुरुष असला म्हणजे त्याचे रहस्य त्याच्या कामगिरीत असते. हेर स्त्री असली म्हणजे मात्र लेखकाचे व वाचकांचे लक्ष हळूहळू कामगिरीवरून सरकते आणि तिच्या जन्मावर, तिच्या शरीरावर, तिच्या मालकीवर जाऊन स्थिरावते. ती काय जाणते, यापेक्षा ती कोणाची आहे, हेच रहस्य होऊन बसते.

‘पोन्नियिन सेल्वन’च्या पाच भागांत हे सरकणे स्पष्ट दिसते. आरंभी आपण विचारतो, नंदिनी काय करणार आहे? उत्तरार्धात आपण विचारू लागतो, नंदिनी कोणाची मुलगी? वैष्णव घरात वाढलेली ही मुलगी मूकराणी मंदाकिनीसारखी हुबेहूब का दिसते? एकदा ती सुंदर चोळाची कन्या, म्हणजे करिकालनचीच बहीण, असे सुचविले जाते, एकदा वीरपांड्याची. ज्याच्या सुडासाठी ती पेटली तो वीरपांड्य तिचा प्रियकर होता की पिता, हेही धुक्यात राहते. सरकारी नमुन्यांत स्त्रीच्या नावापुढे ‘पित्याचे अथवा पतीचे नाव’ असा रकाना अनेक वर्षे छापलेला असे, हे आपल्या वाचकांस सांगावयास नको. नंदिनीची सारी शोकांतिका त्या एका रकान्यात मावते. तो भरता येत नाही म्हणून तिची बालपणची प्रीती राजकुलास अमान्य होते. तो पळुवेट्टरैयरच्या नावाने भरला जातो तेव्हा ते नाव शस्त्र म्हणून वापरण्यासाठी असते. आणि अखेरीस तो खोडून कोरा ठेवला जातो.

कोणी म्हणेल की जन्मरहस्य या कादंबरीत पुरुषांनाही आहे. मधुरांतक म्हणून वाढलेला राजपुत्र खरा मधुरांतक नव्हे, आणि फुले वाहणारा गरीब सेंदन अमुदन हाच खरा, असे शेवटी उघड होते. हा आक्षेप रास्त आहे; पण त्यातूनच भेद अधिक स्पष्ट होतो. अमुदनच्या जन्माचा उलगडा झाला की त्याला सिंहासन मिळते. पुरुषाच्या जन्माचे रहस्य सुटण्यासाठी असते, कारण सुटले की त्याला जागा मिळते. नंदिनीच्या रहस्याची कोणतीही उकल खरी मानली तरी जगात तिला जागा होत नाही. चोळकन्या ठरली तर ती भ्रातृघातकी, पांड्यकन्या ठरली तर शत्रू.

याच कादंबरीत दुसरीही एक स्त्री हेरांचे जाळे विणीत असते, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. कुंदवै पळैयारैहून निरोप धाडते, ज्योतिषाच्या घरी गाठीभेटी घेते, वंदियदेवनच्या हाती ओले देऊन त्याला समुद्रापार लंकेत पाठविते आणि नंदिनीच्या प्रत्येक डावावर प्रतिडाव टाकते. कौशल्याच्या दृष्टीने दोघी तोलामोलाच्या आहेत. पण कुंदवैच्या हालचालींना आपण मुत्सद्देगिरी म्हणतो आणि नंदिनीच्या हालचालींना कारस्थान. कुंदवैच्या मागे कुल आहे, पिता आहे, भाऊ आहेत. तिच्या गुप्ततेला राज्याचे हित हे नाव मिळते. नंदिनीची निष्ठाही एका पराभूत राज्यावरच आहे; पण पराभूत राज्याचे हित विजेत्यांच्या कथेत द्रोह ठरते. कल्किंनी या दोघींच्या भेटीचे प्रसंग फार समर्थपणे रंगविले आहेत. दोघी एकमेकींना जितक्या ओळखतात तितके त्यांना त्यांच्या भोवतालचे पुरुष ओळखीत नाहीत. मात्र निवाडा देण्याची वेळ आली की लेखकाचे माप कुंदवैच्या बाजूने झुकते.

हा केवळ तमिळ कादंबरीचा विशेष नव्हे. अमेरिकेत मुलांसाठी निघणाऱ्या महावीरांच्या चित्रकथांतही हेच घडले आहे. कल्किंची कथा मणियम यांच्या चित्रांसह आठवड्याआठवड्याने वाचकांच्या हाती पडे. त्या चित्रकथाही अशाच तुकड्यातुकड्याने येतात, म्हणून ही तुलना अप्रस्तुत नाही. एप्रिल १९६४ च्या ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’च्या ५२ व्या अंकात नताशा ही सोव्हिएत हेर ‘ब्लॅक विडो’ या नावाने अवतरली. ते नाव एका विषारी कोळिणीचे. विषकन्येचेच हे परदेशी रूप, फक्त नावातच वैधव्य घेऊन आलेले! आरंभी तिच्याजवळ ना मुखवटा होता ना विशेष शक्ती. उंची पोशाख व मोहक बोलणे एवढेच तिचे शस्त्र. पुढे ती पक्ष बदलून नायकांच्या बाजूस आली. १९६७ मध्ये तिचा मृत मानलेला पती शत्रूपक्षाचा योद्धा म्हणून परत आणला गेला. १९९९ मध्ये त्याच नावाची दुसरी तरुण हेर तिच्यापुढे उभी करण्यात आली. आणि २००४ च्या एका कथामालेत तर असे सांगण्यात आले की नर्तकी म्हणून तिला आठवणारे तिचे पूर्वायुष्य हे शिक्षण देणाऱ्यांनी तिच्या डोक्यात घातलेली खोटी स्मृती होती. याच चित्रकथांतील कॅप्टन अमेरिका १९४१ साली जन्मला. दुबळा तरुण, औषधाचा प्रयोग, सैनिक ही त्याची मूळ हकीकत आजही ओळखीची राहिली आहे. नताशेची स्मृतीसुद्धा तिच्या मालकीची राहिली नाही. ती कोणाची, याचे उत्तर दर पिढीतील लेखक नव्याने देत आले.

आता इतिहासाकडे वळू. करिकालनचा खून ही कल्पना नव्हे. काट्टुमन्नारकोयिलजवळच्या उडैयारगुडी येथील देवळात राजराजाच्या दुसऱ्या राज्यवर्षाचा लेख आहे. त्यात सोमन, रविदासन व परमेश्वरन यांची नावे करिकालनच्या खुनाच्या संबंधात येतात, आणि त्यांच्या व त्यांच्या नातलगांच्या जमिनींची विल्हेवाट लावण्याचा हुकूम नोंदलेला आहे. नंदिनी त्या लेखात नाही. ती संपूर्णपणे कल्किंची निर्मिती आहे. चोळांच्या दगडांना स्त्रियांचे वावडे होते म्हणून ती नाही, असेही म्हणता येत नाही. राजराजाच्या मोठ्या देवळावर कुंदवैच्या दानांच्या नोंदी आहेत, आणि चारशेच्या सुमारास देवळाच्या नर्तकींची नावे, त्या कोणत्या गावाहून आल्या, कोणत्या रांगेत राहतात, यांसह काळजीपूर्वक कोरलेली आहेत. अर्थात ज्या स्त्रियांचा धनी ठरलेला होता, राजकुल असो वा देवस्थान, त्यांना दगडावर जागा मिळाली. कल्किंनी जिला निर्माण केले ती कोणत्याच यादीत बसणारी नव्हती, आणि तिच्यावाचून रविदासनादिकांचा कट ही महसुली दप्तरातील एक जप्तीची नोंद एवढीच राहिली असती. त्या कोरड्या नोंदीत माणसांचे दुःख घालण्यासाठी कादंबरीकाराला एक बेवारस स्त्री कल्पावी लागली, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

कडंबूरच्या महालातील प्रसंगात हे सर्व धागे एकत्र येतात. करिकालन मरतो. दिवा विझतो. घाव कोणाच्या हातचा, हे कल्कि सांगत नाहीत. ही संदिग्धता रसिकांना फार आवडते, आणि ती आवडावी अशीच आहे. राजघराण्यातील खुनाचा निकाल इतिहासालाही निःसंदिग्धपणे देता आलेला नाही. पण हातासंबंधीची संदिग्धता आणि जन्मासंबंधीची संदिग्धता एकाच जातीच्या नव्हेत. पहिलीमुळे घटना खोल होते. दुसरीमुळे व्यक्ती पातळ होते. घाव तिचा असता तर निदान एक कृत्य तरी तिच्या नावे लागले असते. सुडासाठी सारे आयुष्य पणाला लावणाऱ्या स्त्रीकडून लेखक तिचा सूडही काढून घेतो आणि तिला घोड्यावर बसवून काळोखात पाठवितो, तेव्हा तो तिला दयेने वाचवितो की न्याय नाकारतो? आमच्या मते येथे दयेने न्यायावर मात केली आहे. करुणेच्या भरात कल्किंनी तिचे अपराधित्व धूसर केले, आणि त्याबरोबर तिचे कर्तृत्वही धूसर झाले.

एवढा दोष दाखवूनही नंदिनीची उंची कमी होत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. २०२२ व २०२३ साली पडद्यावर आलेल्या मणिरत्नम यांच्या दोन चित्रपटांत नंदिनी व मूकराणी या दोन्ही भूमिका एकाच अभिनेत्रीकडे देण्यात आल्या. म्हणजे सत्तर वर्षांनंतरही प्रेक्षकापुढे प्रथम उभे राहते ते तिचे कोणासारखे तरी दिसणे. तरीसुद्धा मूळ कादंबरी वाचणाऱ्याच्या मनात जी उरते ती वेगळी नंदिनी असते. एकाकी खोलीत खड्ग उराशी घेऊन बसलेली, पती, प्रियकर व राजा यांपैकी कोणाजवळही खरे न बोलता येणारी. मराठी वाचकाने ही कादंबरी अनुवादातून का होईना, अवश्य वाचावी, आणि ती वाचताना नंदिनीच्या पित्याचा शोध थोडा बाजूस ठेवून तिच्या कामाकडे पाहावे. तिने काय जाणले, काय साधले आणि त्यासाठी काय गमावले, एवढेच विचारीत गेले तर पाचही भागांतून एक सुसंगत व करारी स्त्री आपल्यापुढे उभी राहते. तो रकाना कोरा राहिला तरी तिच्या ओळखीला काही उणे येत नाही.