श्वसन आणि मस्तकाची हालचाल : मेंदू-प्रतिमांकनातील एका पद्धतीची चिकित्सा

प्रस्तावना : कार्यात्मक एम.आर.आय. चित्रणात मस्तकाची मिलिमीटरहून कमी हालचालही निष्कर्ष बदलू शकते. हालचालीमुळे मेंदूतील जवळच्या भागांचे परस्परसंबंध वाढलेले व दूरच्या भागांचे घटलेले दिसतात, असे जोनाथन पॉवर व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले. लहान मुले अधिक हालतात. म्हणून हालचालीचा दोष हाच मेंदूचा विकास समजला जाण्याचा धोका असतो. त्यामुळे ठरावीक मर्यादेपलीकडे हालचाल दिसणाऱ्या प्रतिमा वगळण्याची पद्धत रूढ झाली.

समस्येचे स्वरूप : श्वासागणिक छातीचा आकार व फुप्फुसांतील हवा बदलते. परिणामी मस्तकाभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्म फेरफार होतो आणि मस्तक स्थिर असूनही प्रतिमा एका विशिष्ट दिशेने सरकते. ही आभासी हालचाल संगणक खरी म्हणून नोंदवितो. प्रत्येक प्रतिमेस सुमारे ०.८ सेकंद घेणाऱ्या जलद चित्रणात हा दोष ठळकपणे समोर आला.

उपाय व मूल्यमापन : डेमियन फेअर व सहकाऱ्यांनी २०२० मध्ये 'न्यूरोइमेज' या नियतकालिकात, हालचालीच्या नोंदींतून श्वसनाची वारंवारता गाळून टाकण्याचा उपाय मांडला. अमेरिकेतील एबीसीडी प्रकल्पातील मुलांच्या चित्रणावर त्याची उपयुक्तता दिसून आली. विनाकारण वगळल्या जाणाऱ्या प्रतिमा त्यामुळे वाचतात, ही त्याची जमेची बाजू होय.

तथापि ही गाळणी वारंवारता ओळखते, कारण ओळखत नाही. श्वासाबरोबर मस्तक खरोखरही किंचित हलते, हे पॉवर व सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये नोंदविले होते. खरी व आभासी हालचाल एकाच वारंवारतेची असल्यास गाळणी दोन्ही पुसते. दीर्घ श्वासाचा परिणाम तर त्या ठरावीक पट्ट्याबाहेरही पसरतो. शिवाय त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइड व मेंदूतील रक्तप्रवाह बदलून मूळ संकेतच बदलतो. गाळणी लावली जाते ती हालचालीच्या नोंदींना. प्रतिमांतील श्वसनाचा अंश तसाच राहतो.

निष्कर्ष : कोणती प्रतिमा ठेवावी हे ठरविण्यास ही पद्धत उपयुक्त आहे, परंतु ठेवलेली प्रतिमा श्वसनदोषमुक्त असल्याची ग्वाही ती देत नाही. म्हणून छातीच्या पट्ट्याने श्वसनाची स्वतंत्र नोंद घेणे व गाळणीपूर्वीचे आणि नंतरचे निष्कर्ष एकत्र मांडणे आवश्यक ठरते. अन्यथा श्वासोच्छ्वासातील भेद मुलांच्या किंवा रुग्णांच्या मेंदूतील भेद म्हणून नोंदले जातील.